संगीतशिक्षकांचा पोशिंदा : पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

स्मरणिकेच्या प्रतिवर्षीच्या प्रघातास अनुसरून यंदाही एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहोत. यंदा आमची निवड गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्यावर स्थिरावली. पंडितजींच्या गायकीची थोरवी सर्वश्रुत आहे आणि तिजविषयी अधिकारी लेखणीने पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या मनात मात्र त्यांच्या जीवनकार्याचे दुसरेच एक अंग घोळत होते. गाणे शिकविणाऱ्याने आपला संसार कसा चालवावा, आणि तो कोणाच्या दारी लाचारी न पत्करता कसा चालवावा, या रोकड्या प्रश्नाशी पंडितजींनी जन्मभर झुंज घेतली. त्या झुंजीची हकीकत आज सांगण्यासारखी आहे असे आम्हांस वाटले.

या विचारास एक आठवण कारण झाली. आमच्या लहानपणी घरोघर जाऊन पेटी शिकविणारे एक मास्तर होते. धुतलेले पण झिजलेले धोतर, हातात छत्री आणि काखेत स्वरलिपीची वही अशी त्यांची मूर्ती अजून डोळ्यांपुढे उभी राहते. महिना संपला की फी मागण्याचा संकोच देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्यालाच अधिक होई. उन्हाळ्याच्या सुटीत मुले आजोळी गेली की त्या दोन महिन्यांची फी बुडे. मास्तर तापाने अंथरुणास खिळले की त्या दिवसांचाही खाडा धरला जाई. त्यांचा पगार, रजा किंवा उतारवयातील निर्वाह यांचा विचार आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी केल्याचे आम्हांस स्मरत नाही, आणि तो आम्हीही केला नाही. मास्तरांना जाऊन पुष्कळ वर्षे लोटली. परंतु पंडितजींचे चरित्र वाचताना ही चूक आम्हांस प्रथम उमगली.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. त्यामुळे टाळमृदंगाचा नाद आणि हरिकथेचा रंग बालविष्णूच्या कानी पाळण्यापासूनच पडला. कुरुंदवाडनजीकच्या नृसिंहवाडीस दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम उडविले जात असता त्यांच्या चेहऱ्याजवळ स्फोट झाला आणि दोन्ही डोळ्यांस गंभीर इजा पोहोचली. उपचारांनी पुढे काही दृष्टी आली, पण ती अधूच राहिली. शालेय विद्येचा आणि तीवर मिळणाऱ्या नोकरीचा मार्ग अशा रीतीने बंद झाला. ज्या काळी बुद्धिमान मुलाने इंग्रजी शिकून कचेरीत जावे ही सर्वसामान्य आकांक्षा होती, त्या काळी गाणे ही त्यांच्या बाबतीत हौस उरली नाही. तीच उपजीविका ठरली. निर्वाहाचा प्रश्न पंडितजींस बालपणीच असा अनुभवाने कळला.

मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी त्यांची तालीम सुरू झाली. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे म्हणून बुवांचा लौकिक मोठा होता, आणि मिरज संस्थानच्या अधिपतींचा त्यांस आश्रय होता. विष्णूंच्या शिक्षणासही त्याच दरबाराचे साहाय्य झाले. गुरुगृहीची सेवा, पहाटेचा रियाज आणि कडक शिस्त यांतून त्यांचा आवाज घडला. त्याच मिरजेत घडलेली एक गोष्ट सांगतात. गावातील एका सार्वजनिक समारंभाचे निमंत्रण संस्थानच्या मर्जीतील या तरुणास आले, पण त्याच्या गुरूंस आले नाही. चौकशी करता, ते काय, गवई आहेत, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. ज्यांच्या गायनाने दरबार डोलत असे त्यांस सभेत बसण्याचा मान नव्हता, कारण गवई हा आश्रित, आणि आश्रितास प्रतिष्ठा कोठून असणार? ही सल त्यांच्या अंतःकरणात कायमची राहिली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

यापुढील पाच वर्षे भ्रमणात गेली. औंध, सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. या प्रवासातील एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. राजेरजवाड्यांच्या महालात गाऊन बिदागी घेणे हा गवयाचा रूढ मार्ग होता. पंडितजींनी तो सर्वस्वी टाकला नाही. परंतु काठेवाडात त्यांनी लोकांसाठी तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज यात कोणासही नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र कुलीन श्रोत्याने गाणे ऐकण्यासाठी दाम मोजून खुर्चीवर बसावे, आणि गवयाने एका धन्याऐवजी शेकडो अनोळखी माणसांच्या चार-आठ आण्यांवर विसंबावे, ही कल्पनाच नवी होती. धन्याची मर्जी फिरली की गवई उपाशी. शंभर श्रोत्यांपैकी दहा रुसले तरी नव्वद उरतात. स्वावलंबनाचे हे साधे गणित पंडितजींनी तेथे शिकून घेतले.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. संगीताची शाळा ही गोष्ट अगदीच अपूर्व होती असे नव्हे. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ सालीच संगीतशाळा चालू केली होती. परंतु तिच्या पाठीशी राजाचा खजिना होता. लाहोरच्या शाळेपाशी तसा खजिना नव्हता. विद्यार्थ्यांची फी, लोकांच्या देणग्या आणि स्वतः पंडितजींच्या जलशांचे उत्पन्न या तीन पायांवर ती उभी होती. मराठी भाषा न जाणणाऱ्या परक्या शहरात, ओळखीपाळखीचे पाठबळ नसताना एका तिशीच्या आतील महाराष्ट्रीय तरुणाने हे धाडस करावे, याचे आम्हांस आजही आश्चर्य वाटते.

या शाळेचा खरा प्राण उपदेशक वर्गात होता. फी भरून तासभर शिकून जाणारे विद्यार्थी वेगळे, आणि उपदेशक वर्गाचे विद्यार्थी वेगळे. ज्यांस संगीत हाच व्यवसाय करावयाचा आहे अशा होतकरू, बहुधा गरीब घरच्या मुलांस पंडितजी आपल्या छत्राखाली घेत. त्यांस शिक्षण विनामूल्य मिळे. राहणे आणि जेवणखाण यांचा भार संस्था वाही. त्याबदली मुलाने नऊ वर्षे शिकण्याचा करार करावयाचा आणि तयार झाल्यावर संस्थेसाठी शिकवावयाचे, असा बंध होता. गुरुकुलातील सेवाधर्म आणि आधुनिक अध्यापनशाळेतील शिष्यवृत्ती यांचा हा मेळ होता. वरच्या वर्गातील मुले खालच्यांस शिकवीत, त्यामुळे गाणे येणे आणि गाणे शिकविता येणे या दोन भिन्न विद्या आहेत हे त्यांस आपोआप समजे. शिस्त कठोर होती, करार दीर्घ होता, आणि तो सर्वांसच मानवला असेल असे आम्ही म्हणणार नाही. तथापि संगीताच्या शिक्षकास शिक्षक म्हणून घडवावे लागते आणि त्या घडणीच्या काळात त्याच्या पोटाची जबाबदारी कोणीतरी उचलावी लागते, हे सत्य इतक्या स्पष्टपणे ओळखून आचरणात आणणारा पुरुष त्यांच्या पूर्वी क्वचितच झाला असेल.

शिक्षकास नुसती विद्या पुरत नाही, साधनेही लागतात. शंभर विद्यार्थ्यांस एकाच वेळी शिकवावयाचे तर पाठ्यपुस्तक हवे, पुस्तकासाठी स्वरलिपी हवी, आणि ती छापण्यासाठी छापखाना हवा. पंडितजींनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली, संस्थेचा छापखाना उभारला, बालबोध पुस्तकांपासून रागप्रवेशाच्या भागांपर्यंत अनेक पुस्तके प्रसिद्ध केली आणि संगीतामृत प्रवाह हे मासिक चालविले. वाद्यांच्या दुरुस्तीचीही सोय संस्थेत केली. स्त्रियांसाठी स्वतंत्र वर्ग काढले. दूरच्या गावी एकटा पडलेला उपदेशक ही पुस्तके हाती घेऊन शिकवू लागला की त्याच्या शिकवणीस एका मोठ्या संस्थेचे वजन प्राप्त होई. विद्यार्थ्याच्या पालकास क्रम दिसे, आणि फी कशाबद्दल द्यावयाची तेही कळे. शिक्षकाच्या पाठीशी उभे राहणे म्हणतात ते हेच.

या वर्गात मुले कशी येत हेही पाहण्यासारखे आहे. मिरजेचे विनायकराव पटवर्धन १९०७ साली, अवघ्या नऊ वर्षांच्या वयात, लाहोरास गेले ते मिरज संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन. भडोचचे ओंकारनाथ ठाकूर हे अत्यंत गरिबीत वाढलेले. शापूरजी मंचरजी डुंगाजी या पारशी दानशूर गृहस्थांनी त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला म्हणून ते १९०९च्या सुमारास पंडितजींच्या मुंबईतील विद्यालयात दाखल होऊ शकले. एका मुलामागे एक संस्थानिक उभा राहिला, दुसऱ्यामागे एक व्यापारी. दोन्ही रकमा दात्यांच्या दृष्टीने लहानच असतील. त्यांतून पुढे काय उभे राहिले ते यथावकाश सांगू.

१९०८ साली पंडितजींनी मुंबईत विद्यालयाची शाखा काढली आणि तिचा व्याप पाहता पाहता लाहोरहून मोठा झाला. विद्यार्थी वाढले, उपदेशक वाढले, वसतिगृहाची निकड भासू लागली. भाड्याच्या जागेत हे मावेना, तेव्हा संस्थेच्या स्वतःच्या वास्तूचा संकल्प त्यांनी केला. सँडहर्स्ट रोडवर इमारत उभी राहिली. संगीताच्या शिक्षणासाठी, कोणा राजाच्या नावे नव्हे तर संस्थेच्या नावे, मुंबईसारख्या नगरीत भव्य घर असावे, ही त्यांची आकांक्षा मिरजेच्या त्या न आलेल्या निमंत्रणास दिलेले उत्तरच होते असे आम्हांस वाटते.

परंतु वास्तू कर्जावर उभी होती. कर्जाचे व्याज महिन्याच्या महिन्यास वाढते. जलशाचे उत्पन्न मात्र हंगामी, आणि तेही एका माणसाच्या गळ्यावर अवलंबून. उपदेशकांची जेवणे थांबविता येत नव्हती, फी वाढविली तर गरिबाचे मूल येणार नव्हते. म्हणून पंडितजी गावोगाव दौरे काढीत, गात, पैसा आणीत, आणि तो व्याजात व खर्चात जिरून जाई. काँग्रेसच्या अधिवेशनांतून त्यांच्या मुखीचे वंदे मातरम् हजारोंनी ऐकले. देशभर त्यांचे नाव झाले. नावाने कर्ज फिटत नाही. १९२४ साली ते असेच दौऱ्यावर असता धनकोंनी मालमत्तेवर जप्ती आणली आणि विद्यालयाच्या वास्तूचा लिलाव झाला. तेवीस वर्षांच्या कष्टांचे दृश्य फळ हातोड्याच्या घावाबरोबर परक्याचे झाले.

या प्रसंगी दोष कोणाचा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पंडितजींची महत्त्वाकांक्षा त्यांच्या साधनांहून मोठी होती आणि व्यवहारात त्यांनी अधिक सावधगिरी बाळगावयास हवी होती, असे म्हणता येईल. ते खोटेही नाही. त्यांचे समकालीन पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी दुसरा मार्ग धरिला होता. ग्वाल्हेर दरबाराच्या आश्रयाने १९१८ साली तेथील विद्यालय निघाले आणि १९२६ साली लखनौस प्रांतिक गव्हर्नरांच्या नावाने मॅरिस कॉलेज उघडले. सत्तेच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या त्या संस्था टिकल्या. पण पंडितजींस शिक्षक स्वतंत्र हवा होता, आणि स्वातंत्र्याची किंमत त्यांनी स्वतःच्या खिशातून मोजली. आमच्या मते दोषाचा मोठा वाटा समाजाकडे जातो. त्यांच्या गायनास टाळ्या देणारे हजारो होते. त्यांच्या शाळेच्या कर्जाचा हप्ता आपला समजणारे थोडे होते. हजार श्रोत्यांनी वर्षाकाठी दोन-चार रुपये नियमाने दिले असते तर काय झाले असते, हा विचार आम्हांस अस्वस्थ करतो.

वास्तू गेल्यावर पंडितजी नाशकास रामनाम आधार आश्रमात राहिले. वृत्ती विरक्त झाली होती. तुलसीदासांच्या रामायणावर ते प्रवचने करीत, रामनामात रंगून जात. घरीही दैवाने त्यांस फार सोसावयास लावले होते. अनेक अपत्ये लहानपणीच गेली आणि १९२१ साली जन्मलेला दत्तात्रय हा एकच पुत्र राहिला. तशा स्थितीतही शिष्यांचा राबता आणि शिकविणे सुटले नाही. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस, जेथे त्यांची विद्या सुरू झाली त्याच गावी, त्यांनी देह ठेविला. वय एकोणसाठ वर्षांचे होते. मागे इमारत नव्हती, ठेव नव्हती. दहा वर्षांचा मुलगा होता आणि देशभर विखुरलेले शिष्य होते.

पंडितजींची खरी मालमत्ता हे शिष्यच होते आणि तिचा लिलाव कोणास करता आला नाही. त्याच १९३१ साली शिष्यमंडळींनी अहमदाबादेस एकत्र जमून गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. गुरूंची एक मध्यवर्ती वास्तू कर्जात बुडाली होती. शिष्यांनी त्यातून धडा घेतला असे दिसते. त्यांनी ठिकठिकाणच्या स्वतंत्र शिक्षकांस आणि विद्यालयांस एका अभ्यासक्रमाने व एका परीक्षेने जोडले. प्रारंभिकेपासून विशारद आणि अलंकारापर्यंत परीक्षांची शिडी तयार झाली. एखाद्या तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत वर्ग चालविणारा शिक्षक स्वतंत्रच राहतो, फी स्वतः घेतो, पद्धत स्वतः ठरवितो. पण त्याचा विद्यार्थी सर्वमान्य परीक्षेस बसतो आणि त्याच्या यशाबरोबर शिक्षकाचाही लौकिक वाढतो. अनुदानाचा एक पैसाही न देता शिक्षकाचा व्यवसाय स्थिर करणारी ही योजना आजही अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या रूपाने चालू आहे.

शिष्यांची कामगिरी थोडक्यात सांगतो. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गांधीजींच्या सान्निध्यात राहिले आणि आश्रम भजनावलीचे संपादन त्यांनी केले. बा. र. देवधर यांनी १९२५ साली मुंबईत स्वतःचे संगीत विद्यालय काढले. कुमार गंधर्वांची तालीम तेथे झाली. शंकरराव व नारायणराव व्यास या बंधूंनी अध्यापन व गायन दोन्ही गाजविले. ज्या ओंकारनाथांची फी एका पारशी गृहस्थांनी भरली होती ते १९१६ साली लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख झाले, आणि पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संगीताच्या शिक्षणाची धुरा त्यांनी वाहिली. मिरजेच्या शिष्यवृत्तीवर गेलेले विनायकराव गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांबरोबर भूमिका करून नावारूपास आले होते. गुरूंच्या निधनानंतर त्यांनी रंगभूमीचे झगझगीत जीवन सोडले आणि ८ मे १९३२ रोजी पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. पोरक्या दत्तात्रयास त्यांनी आणि नारायणराव व्यासांनी घडविले, आणि द. वि. पलुसकर हे नाव पुढे गाणाऱ्यांच्या पहिल्या पंक्तीत गेले. १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते निवर्तले. पण तेवढ्या अल्पावधीतील त्यांचे गायन आजही घरोघर ऐकले जाते. पंडितजींनी परक्यांच्या मुलांस पोसले होते. त्या मुलांनी पंडितजींच्या मुलास पोसले. यापेक्षा मोठे व्याज कोणत्या ठेवीवर मिळते?

आता थोडे आपल्याविषयी. स्वातंत्र्यानंतर संगीत नाटक अकादमी स्थापन झाली, गुरुशिष्य परंपरेस साहाय्य देणाऱ्या शासकीय योजना निघाल्या, होतकरू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या आल्या. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण शासनाचे साहाय्य बहुधा नावारूपास आलेल्या गुरूंपर्यंत आणि नोंदलेल्या संस्थांपर्यंत पोहोचते. जिना चढून आपल्या घरी येणारा, किंवा दोन खोल्यांत दहा मुलांस सरगम शिकविणारा शिक्षक त्या अर्जांच्या वाटेस सहसा जात नाही. त्याचा आधार आपण आहोत.

आपल्या मंडळाने आणि आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाने काय करावे हे सांगण्यास मोठ्या योजनेची गरज नाही. सुटीच्या महिन्यांची फी बुडवू नये; बारा महिने पोट असणाऱ्यास बारा महिने फी द्यावी. आजारपणाचा खाडा धरू नये. मंडळाचे सभागृह आठवड्यातून काही दुपारी रिकामेच असते. ते संगीताच्या शिक्षकास नाममात्र भाड्याने द्यावे. गुणवंत विद्यार्थ्यांच्या पारितोषिकांबरोबर एखाद्या गरीब मुलाची परीक्षा फी आणि तंबोऱ्याची दुरुस्ती यांचीही तरतूद असावी. वृद्ध झालेल्या शिक्षकास वर्षातून एकदा शाल व श्रीफळ देण्यापेक्षा दरमहा थोडी रक्कम सन्मानपूर्वक पोहोचवावी, आणि हे सर्व करताना ज्ञातीचा विचार आड येऊ देऊ नये. डुंगाजींनी ओंकारनाथांस साहाय्य करताना तो केला नव्हता.

आमच्या त्या पेटीच्या मास्तरांचे ऋण आता फेडता येणार नाही. परंतु आज कोणाच्या तरी घराचा जिना चढणारा दुसरा एखादा शिक्षक आहेच. पंडितजींच्या स्मृतीस अभिवादन करून, त्याची या महिन्याची फी त्याने मागण्यापूर्वी त्याच्या हाती पडावी, एवढीच विनंती आम्ही वाचकांस करतो.